तपकिरीतली श्रीमंती

आज पेन स्वच्छ धुऊन त्यात सेलर या जपानी कंपनीची ‘रिक्यु-चा’ शाई भरली (रंगांच्या नावातला ‘चा’ म्हणजे तपकिरी). जाड निबनं ओळ ओढली की आधी शेवाळासारखी हिरवट दिसते, मग वाळता वाळता तपकिरी होत जाते. अक्षराच्या शेवटी शाई साचते, तिथला गडदपणा तर बघतच राहावा असा!

रंगाला नाव मिळालंय जपानी चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांचं. जपानच्या एदो काळात (१६०३–१८६८) शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या राजवटीनं सामान्यांच्या भपकेबाज कपड्यांवर बंधनं घातली. रंगाऱ्यांनी मग तपकिरी आणि राखाडीतूनच एवढ्या छटा काढल्या, की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर राखाडी’ असा वाक्प्रचारच आहे. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांच्या नावानंही रंग गाजले, दांजुरो-चा, रोको-चा. आवडत्या नटाचा रंग अंगावर मिरवायचा, केवढी हौस! सक्तीतून इतकं देखणं काही निघावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

निळ्या-काळ्या शाईपलीकडे न गेलेल्यांनी पहिली बाटली अशीच घ्यावी, भडक जांभळी नको. आणि कुणाकडे ताचिया कंपनीची ‘शाराकु-कुरोचा’ शाई असेल तर एक ओळ लिहून फोटो टाका ना. वाळल्यावरचा.