बाबा, उचल

चाकणला एका कंपनीत मी फोर्कलिफ्ट चालवतो. दिवसभर उचल आणि ठेव. पण मागच्या गुरुवारी कात्रजच्या झूमध्ये जेवढं उचललं, तेवढं आठवडाभरात उचललं नसेल, आणि तेही हाताने. मोठा दादू सहा वर्षांचा, एकोणीस किलो. मनी तीनची, तेरा किलो. दवाखान्याच्या काट्यावरचे आकडे आहेत, अंदाज नाही.

गुरुवार का, तर आमची सुट्टी गुरुवारची. याआधी एकदा मित्राबरोबर शिफ्ट बदलून बुधवारी गेलो होतो. कात्रजचं झू बुधवारी बंद असतं हे अख्ख्या पुण्याला माहीत आहे, मला नव्हतं. बंद गेटासमोर दोन रडणारी पोरं आणि न बोलणारी बायको, असा तो दिवस गेला. त्यावर जास्त लिहीत नाही.

या वेळी आईही गावाहून आली होती. भोसरीला जवळचं मेट्रो स्टेशन नाशिक फाट्यावर. तिथपर्यंत रिक्षा, मग मेट्रोने थेट स्वारगेट, पुढे साताऱ्याच्या रस्त्याने बस. कंडक्टरला मी ‘राजीव गांधी प्राणिसंग्रहालय’ असं पूर्ण नाव सांगितलं, तर तो म्हणाला, “स्नेक पार्क का? चार द्या.” झू नंतर आलं, १९९९ मध्ये. सर्पोद्यान त्याच्या आधीपासूनचं, त्यामुळे जुन्या लोकांच्या तोंडात अजून तेच नाव.

आत १३० एकर जागा आहे. बॅटरीवरच्या गाड्या आहेत, पण रांग बघून आम्ही चालायला लागलो. पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की ही जागा पाच फुटांच्या वरच्या माणसासाठी बांधलेली आहे. पुढे कठडा, मग जाळी, मग झाडोरा, मग खंदक, आणि पलीकडे जनावर. मला सगळं दिसतंय. मनीला कठडा दिसतोय. मी एकदा उकिडवा बसून तिच्या उंचीवरून बघितलं. सिमेंट, एक मुंग्यांची रांग आणि लोकांच्या चपला. एवढंच तिचं झू.

“बाबा, उचल.”

उचललं. की दादू म्हणणार, आता माझी पाळी. सांबर, चितळ, काळवीट असं करत करत दुपारपर्यंत माझी दोन्ही खांद्यांची शिफ्ट सुरू. बायकोने मनीला घेऊन बघितलं, पण मनीला बाबाच पाहिजे, कारण बाबा उंच. खांद्यावर बसली की तिचे दोन्ही पंजे माझ्या डोळ्यांवर. प्राणी दिसला की पंजे आणखी घट्ट. मी निम्मं झू बोटांच्या फटीतून बघितलं. त्यात ती पुढे झुकायची. फोर्कलिफ्टला लोड जितका पुढे जाईल तितकी गाडी नाकावर यायला बघते, तसंच माणसाचं असतं. मी आपला मागे रेलून उभा.

पांढऱ्या वाघाजवळ गर्दी होती. दादूने विचारलं, “ह्याला घासून धुतला का?” नाही रे, म्हटलं, जातीने तो आपल्या पट्टेरी वाघासारखाच, फक्त जन्मतः पांढरा. मध्य प्रदेशात रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये जंगलातून एक पांढरा बच्चा पकडला, मोहन त्याचं नाव, आणि झूमधल्या पांढऱ्या वाघांची पिढी त्याच्यापासून चालत आली. दादूचं पुढचं लक्ष नव्हतं. शेजारी उभ्या एका काकांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि तेच बायकोला स्वतःचं म्हणून सांगितलं.

आईचा गुरुवारचा उपास. तिला साबुदाण्याची खिचडी डब्यात होतीच, आम्हाला चपाती-बटाटा. मी तिला म्हटलं, अगं, बऱ्याच झूमध्ये वाघ-सिंहांनाही आठवड्यातून एक दिवस खायला देत नाहीत, पोटाला बरं म्हणून. त्यावर तिने वाघाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “कोणता वार धरतो?” वार काही मला माहीत नव्हता.

गव्याने दादूला जिंकलं. हजार किलोच्या घरात जाणारं धूड, आणि चारी पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. “शाळेत जातो का तो?” मी मात्र नकळत हिशेब करत होतो, की आमच्या तीन टनी मशीनवर असे तीन मावतील, पण पॅलेटवर उभे कसे राहणार.

मग बिबट्या.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. तिकडे बिबट्याला कोणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. उसाची पिकं वाढली तसा तो उसातच राहायला लागला. मादी तिथेच पिल्लं घालते, तोडणीच्या वेळी सरीत बच्चे सापडतात. मग वनखात्याचे लोक येऊन संध्याकाळी बच्चे तिथेच ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाईल याची वाट बघत बसतात. जुन्नरजवळ माणिकडोहला जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी केंद्रच आहे. आमच्याकडे अंधार पडला की कोणी एकटं पाणी धरायला जात नाही, गेलंच तर मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून जातात.

आईने त्याला किती वेळा बघितलंय, मला मोजता येणार नाही. एकदा गोठ्यातून शेळी नेली, तेव्हा ती दारात कंदील घेऊन उभी होती. त्यामुळे मला वाटलं, ती म्हणेल, ह्याला काय बघायचं पैसे देऊन.

ती काहीच बोलली नाही. तीही बुटकीच, जेमतेम पावणेपाच फूट. कठड्याखालच्या फरशीवर चढली, माझ्या दंडाला धरून टाचा उंचावल्या आणि बघत राहिली. बिबट्या लाकडी फळीवर आडवा पडला होता, एक पाय खाली लोंबत. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. माझ्या खांद्यावर मनी, डाव्या हाताला दादू, उजव्याला आई.

“दिवसाउजेडी एवढा वेळ कधी बघाया मिळाला नव्हता,” ती म्हणाली. “नुसते डोळे दिसायचे बॅटरीत.” मग जरा वेळाने, “कान किती बारके रे त्याचे.”

दादूने विचारलं, “आजी, शेळी ह्यानेच नेली?”

“ह्याने नाय. ह्याचा कोण भाऊबंद असंल.”

तिथून तिला हलवायला दहा मिनिटं लागली.

नागराजाच्या काचेपाशी मनी पहिल्यांदा खाली उतरली आणि नाक काचेला लावून उभी राहिली. तिथे उचलायचं काम नव्हतं, आणि नेमका मीच लांब उभा होतो. साप मला सहन होत नाही. दुरून दादूला एवढंच सांगितलं, की हा दुसरे साप खातो आणि सापांमध्ये पाचोळा गोळा करून घरटं करणारी हीच एक जात. “मग तू का घाबरतो, तू साप आहेस का?” यावर बायको जी हसली ती तळ्यापर्यंत.

कात्रजचं तळं पेशव्यांच्या काळचं, इथून भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांच्या हौदांपर्यंत पाणी जायचं. तिथे झाडाखाली आम्ही अर्धा तास नुसते बसलो. मी आडवाच झालो. मनीने माझ्या पोटावर राजगिऱ्याचा लाडू खाल्ला.

परतीला मेट्रोत दोघंही झोपली, एकेक खांद्यावर. बत्तीस किलो. झोपलेलं पोर काट्यावर तेवढंच भरत असेल, खांद्यावर भरत नाही. नाशिक फाट्याला सरकता जिना बघून बरं वाटलं.

शुक्रवारी पहिली शिफ्ट. मानेला बाम चोळून गेलो होतो. पहिलं पॅलेट काट्यांवर घेतलं, लिव्हर ओढला, माल वर गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दिसलं का?”

खाली उभा हेल्पर वर बघत म्हणाला, “काय दिसायचंय?”