घरचं नॅचरल सॅनिटायझर : दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं

सगळं सुरू झालं माझ्या बोटांच्या भेगांवरून. विकतचं सॅनिटायझर दिवसातून दहा-बारा वेळा चोळून चोळून पेरांवर अशा बारीक चिरा पडल्या होत्या की साबण लागला तरी चुरचुरायचं. मग म्हटलं हे केमिकल नकोच, कुंडीत कोरफड वाढलीये, घरात टी ट्री ऑइल आणि लॅव्हेंडर ऑइलच्या छोट्या बाटल्या पडून आहेत, आपणच करू काहीतरी नॅचरल.

पहिल्या वेळी अल्कोहोल अजिबात घातलं नाही. कोरफडीचं पान कापलं, गर काढला, मिक्सरला लावला, नुसता फेस! वर दोन्ही तेलांचे वीसेक थेंब. पान कापल्यावर साल आणि गराच्या मधून एक पिवळा कडू चीक येतो, तो निथळून जाऊ द्यायचा असतो, पान उभं करून ठेवायचं दहा-पंधरा मिनिटं, हे मला नंतर कळलं, तोपर्यंत मनगटाला खाज सुटलेली. त्यात तेल काही पाण्यात विरघळत नाही, ते आपलं वर तरंगत राहिलं आणि मी बाटली न हलवता वापरली तेव्हा पहिल्याच वेळी जवळपास नुसतं तेलच हातावर आलं. लालभडक झाला तळवा. चौथ्या दिवशी गर गुलाबी पडला आणि वास यायला लागला. जी वस्तू स्वतःच चार दिवसात सडते ती माझ्या हातावरचे जंतू काय मारणार, असा विचार तेव्हा खरंतर मनात यायला हवा होता, पण मला वाटलं आपलं प्रमाण चुकलं असेल.

दुसऱ्या वेळी मग सगळीकडे फिरत असलेली कृती घेतली, २ भाग अल्कोहोल, १ भाग कोरफड. माझ्याकडे ७० टक्केवालं रबिंग अल्कोहोल (त्वचेला चोळायचं जंतुनाशक अल्कोहोल) होतं. गर त्यात ओतला आणि बघते तर दुधासारखे पांढरे धागे धागे तयार झाले. मला वाटलं नासलं! (नासत वगैरे नाही, कोरफडीतला चिकट भाग अल्कोहोलमध्ये विरघळत नाही म्हणून तो साका होऊन वेगळा होतो.) गाळून भरलं आणि खूश होऊन भावाला दाखवलं. तो केमिस्ट्री शिकवतो. त्याने वास घेतला आणि विचारलं, "ताई, यात टक्के किती?"

"सत्तर! बाटलीवर लिहिलंय की."

"ते बाटलीतलं. तुझ्या मिश्रणातलं किती?"

मग त्याने कागदावर मांडून दाखवलं. ७० टक्क्यांचे दोन भाग म्हणजे १४०, भाग एकूण तीन, १४० भागिले ३ म्हणजे ४६.७. आणि निदान ६० टक्के अल्कोहोल असल्याशिवाय हाताचं सॅनिटायझर भरवशाचं नाही. कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो, म्हणजे मी पैसे देऊन आणलेल्या अल्कोहोलमध्ये मन लावून पाणी घातलं होतं. त्या कृतीत २ भाग अल्कोहोल ९९ टक्केवालं धरलेलं असतं, तेव्हा ते ६६ वर येतं, पण हे बहुतेक ठिकाणी कोणी लिहीतच नाही! ७० टक्केवालंच वापरून ६० टक्के गाठायचे तर १०० मिलीमध्ये ८६ मिली तेच लागेल, बाकी सगळ्याला मिळून उरणार १४ मिली.

मी म्हटलं मग नुसतं ९९ टक्केच लावते हाताला, विषय संपला. तर नाही, तेही नाही. थोडं पाणी लागतंच, पाण्याशिवाय अल्कोहोल जंतूंची प्रथिनं नीट मोडू शकत नाही, आणि उडूनही पटकन जातं. म्हणून ६० ते ९० च्या मधलं चांगलं.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघांनी मिळून जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र घेतलं. त्यांचं सूत्र १० लिटरचं आहे, आम्ही ते १०० मिलीवर आणलं. ९९ टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४ मिली, ग्लिसरीन दीड मिलीला किंचित कमी, आणि उकळून गार केलेलं पाणी १०० मिली होईपर्यंत. कपाने नाही मोजायचं हां, सिरिंज आणि मोजपात्र घ्या. ग्लिसरीन सिरिंजला इतकं चिकटून बसतं की अर्धं आतच राहतं, म्हणून मग त्यातल्याच पाण्याने सिरिंज दोनदा धुऊन तेच पाणी मिश्रणात घातलं. मी ओट्यावर सुरू करणार होते, भावाने आधी गॅस बंद करायला लावला आणि सगळं उचलून खिडकीपाशी नेलं. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली खाली पसरत जाते आणि लांबच्या ज्योतीलाही पेट घेऊ शकते, त्यामुळे हे खरंच गंमतीत घेऊ नका.

पेरॉक्साइड हातासाठी नसतं बरं का, अल्कोहोलला न जुमानणारे जिवाणूंचे बीजाणू (म्हणजे कडक कवचातलं त्यांचं सुप्त रूप) बाटलीत किंवा पाण्यात असतील तर ते मारायला असतं. म्हणून बाटली बंद करून ७२ तास तशीच ठेवायची, मग वापरायला काढायची. मी पाण्याच्या जुन्या बाटलीत भरत होते त्यावरूनही ओरडा खाल्ला, कोणी पाणी समजून प्यायलं तर! स्प्रेची बाटली आणली, त्यावर मोठ्या अक्षरात नाव, टक्के आणि तारीख. जेलसारखं होत नाही ते, पाण्यासारखं पातळच राहतं, सवय होते. हात पूर्ण ओले होतील इतकं घ्यायचं आणि वाळेपर्यंत चोळायचं, साधारण २०-३० सेकंद, मध्येच पुसायचं नाही.

नॅचरल म्हणून ह्यात आता काही उरलेलं नाही, हे मला थोडं लागलं. पण भेगा भरल्या, बऱ्याचशा ग्लिसरीनने आणि त्याहून जास्त ह्याने की घरात असताना मी आता सरळ साबणाने हात धुते, २० सेकंद. हात मळलेले असले तर सॅनिटायझर तसंही नीट चालत नाही, आणि उलट्या-जुलाबवाल्या नोरोव्हायरससाठीही साबणच बरा. स्प्रे फक्त बाहेर जाताना पिशवीत.

कोरफड रात्री लावते, ताजी, चीक निथळवून, हात धुतल्यावर नुसतीच. टी ट्री ऑइलची बाटली भावाला देऊन टाकली, तो म्हणे मला कशाला.