मनगट प्लास्टरमध्ये आणि गिटार संगणकात

मागच्या वर्षी एका एकांकिकेचे पार्श्वसंगीत माझ्याकडे आले, तेव्हा त्यातली इलेक्ट्रिक गिटार कोण वाजवणार हा प्रश्नच नव्हता. माझा एक मित्र बारा-तेरा वर्षे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि अशा कामांना तो हक्काचा माणूस आहे. पण प्रयोगाला तीन आठवडे उरले असताना तो दुचाकीवरून पडला आणि त्याचे डावे मनगट प्लास्टरमध्ये गेले. दुसऱ्या वादकाला देण्याइतके पैसे संस्थेकडे नव्हते. माझ्याकडे मात्र गिटारची सॅम्पल-लायब्ररी होती, म्हणजे खऱ्या गिटारच्या प्रत्येक तारेवरचे स्वर निरनिराळ्या जोराने छेडून ध्वनिमुद्रित केलेला संच, जो कीबोर्डवरून वाजवता येतो. मी पेटीवर वाढलेला आणि पुढे कीबोर्डवर स्थिरावलेला माणूस असल्यामुळे, हे एका संध्याकाळचे काम आहे असे दिग्दर्शकाला सांगून मोकळा झालो.

ती संध्याकाळ संपली आणि मी मित्राला तुकडा ऐकवला. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाला, "अरे, ही गिटार नाही, गिटारच्या आवाजातली पेटी आहे."

चूक पहिल्याच कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छात, होती. रचना पांढरी तीनच्या मायनरमध्ये होती, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी सा धरून कोमल गंधाराच्या सुरावटीत, आणि मी ती कीबोर्डवर हात पडतो तशी, सा, कोमल ग आणि प असे तीन शेजारी स्वर धरून वाजवली होती. गिटारवर हीच कॉर्ड मोकळ्या तारांसह धरली की खालून वर सा, प, सा, कोमल ग, प, सा असे सहा स्वर येतात. त्यात गंधार एकदाच आणि तोही वरच्या अंगाला असतो, तर खाली षड्ज-पंचमाला ऐसपैस जागा मिळते. माझ्या तीन स्वरांची दाटी स्वच्छ आवाजात कशीबशी खपून गेली असती, पण डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गिटारचा तो मुद्दाम फाडलेला आवाज, लावल्यावर तिचा नुसता घरघराट झाला. याचे कारण मला त्या रात्री नीट उमगले. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र शिरले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही बाहेर पडतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सा सुमारे ८२ हर्ट्झचा आणि त्याचा पंचम सुमारे १२३ हर्ट्झचा असतो. वजाबाकी ४१ येते, म्हणजे त्याच सा-चा खालचा षड्ज, त्यामुळे आवाज उलट भक्कम होतो. कोमल गंधार घातला की वजाबाकी सुमारे १६ येते आणि ती कोणत्याच सुरात बसत नाही. रॉक वाजवणारे केवळ सा आणि प धरून त्याला पॉवर कॉर्ड का म्हणतात, हे इतकी वर्षे मी त्यांचा आळस समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मित्राने स्वतःची गिटारच माझ्याकडे आणून ठेवली. ती वाजवायला नव्हती, कारण ते मला येत नाही. प्रत्येक स्वर वाजवताना बोट कुठे पडेल हे पाहायला होती. माझी अर्धी सुरावट तिथेच बाद झाली. एका तारेवर एका वेळी एकच स्वर वाजतो हे सांगायला सोपे आहे, पण माझ्या फाइलमध्ये जाड तारेवरचे दोन स्वर एकमेकांवर चढून बसले होते, आणि एके ठिकाणी दुसऱ्या फ्रेटवरून (गिटारच्या मानेवरच्या पडद्यावरून) चौदाव्यावर मी अर्ध्या मात्रेत उडी घेतली होती. शिवाय एकच स्वर अनेक ठिकाणी मिळतो: पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार मोकळी सोडली की जो सा येतो, तोच दुसऱ्या तारेच्या ५ व्या, तिसरीच्या ९ व्या, चौथीच्या १४ व्या आणि पाचवीच्या १९ व्या फ्रेटवरही असतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा पोत निराळा लागतो. लायब्ररी आपल्या मनाने तार निवडत होती, त्यामुळे एकाच ओळीत मध्येच आवाज पातळ होऊन पुन्हा जाड होई. मग मी प्रत्येक स्वराखाली तारेचा आकडा लिहायला घेतला आणि त्यानुसार सहा तारांना सहा वेगळे मिडी चॅनल, म्हणजे संगणकाला स्वरांच्या सूचना देणाऱ्या वेगळ्या वाहिन्या, दिले. या एका कामात चार दिवस गेले.

कॉर्ड छेडण्याचा भाग मात्र मित्राच्या उजव्या हाताने सोपा केला. डावा हात गळ्यात अडकवलेला असला तरी उजवा मोकळा होता, म्हणून मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि नुसत्या मोकळ्या तारा वर-खाली छेडायला सांगून ते फोनवर ध्वनिमुद्रित केले. मग ती लहर संगणकावर ताणून पाहिली. संथ छेडताना पिकला (तार छेडायच्या चकतीला) सहा तारा ओलांडायला ४५ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागत होता, जोरात छेडताना २० च्या आसपास. खाली येणारा हात जाड तारेकडून सुरू होतो आणि बहुधा सगळ्या तारा घेतो. वर जाणारा हात बारीक तारांकडून सुरू होऊन तीन-चार तारांतच सुटतो, आणि त्याचा जोरही कमी असतो. माझी लय मिनिटाला १०० मात्रांची होती, म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. मी वापरतो त्या रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्रेचे ९६० भाग असतात, तेव्हा २० मिलिसेकंदांचे ३२ भाग झाले. स्वर त्या हिशेबाने एकामागून एक सरकवले आणि क्वांटाइझचे, म्हणजे स्वर नेमके मात्रेवर बसवणारे, बटण पुन्हा दाबायचे नाही असे स्वतःला बजावले. खालच्या छेडण्यातला शेवटचा स्वर मात्रेवर यावा की पहिला, यावर आमचे पाऊण तास वाजले. शेवटी आघाताच्या जागी पहिला थोडा आधी घेतला, ते कानाला पटले.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो तार ओढण्याने. सतारीची मींड ऐकत आलेल्या माणसाला हे अवघड जायला नको होते, पण पेटीवाल्याच्या हाताला दोन स्वरांमधली जागा माहीतच नसते. रचनेच्या शेवटी एक जागा अशी होती, की दुसऱ्या तारेच्या ५ व्या फ्रेटवर वरचा सा धरून ठेवायचा आणि त्याच वेळी तिसऱ्या तारेच्या ७ व्या फ्रेटवरचा कोमल निषाद ओढत ओढत त्याच सा-ला नेऊन भिडवायचा. मी कीबोर्डवरचे सूर सरकवणारे पिच बेंडचे चाक फिरवले आणि निषाद षड्जाला पोहोचला खरा, पण धरलेला षड्जही तेवढाच सरकून रिषभावर जाऊन बसला, कारण पिच बेंड एका चॅनलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम लागू होतो. तारांना वेगळे चॅनल दिलेले होते, पण ही जागा मी त्याआधीच वाजवून ठेवली होती. ती दुरुस्त केल्यावर निषाद सा-च्या पार पलीकडे जाऊ लागला. लायब्ररीतला बेंडचा पल्ला १२ अर्धस्वरांचा होता आणि मी २ चा धरून रेषा काढली होती. पल्ला जुळवल्यावर ती रेषा सरळ न ठेवता सुरुवातीला मंद आणि पोहोचताना किंचित अडखळणारी काढली, कारण तार ओढणारे बोट सूर शोधत जाते. कंपही मी हातानेच काढला. लायब्ररीचा कंप स्वराच्या वर आणि खाली सारखाच झुलत होता. प्रत्यक्षात फ्रेटवर दाबलेली तार बाजूला ओढली की सूर चढतोच, खाली उतरत नाही, हे सतारीच्या पडद्यावर तार ओढणाऱ्या कुणालाही सांगावे लागणार नाही.

एवढे होऊन तालमीत गेलो, तर गाणाऱ्या मुलीने पांढरी तीन चढी होते म्हणून काळी दोन मागितली. कीबोर्डवाल्याला हे एका बटणाचे काम, म्हणून मी ते केले आणि घरी येऊन ऐकले तर गिटारचा प्राणच गेलेला. पांढरी तीनच्या मायनरमध्ये सहाच्या सहा मोकळ्या तारा सुरावटीत बसतात. अर्धा सूर उतरल्यावर सहापैकी पाच बाहेर पडतात आणि खालचा सा तर गिटारवर उरतच नाही. मित्र फोनवर म्हणाला, "आम्ही अशा वेळी पिळ्या सैल करतो, हात तिथेच ठेवतो." मी स्वर पूर्ववत केले आणि सगळ्या तारांचे ट्यूनिंग अर्धा सूर उतरवले.

ॲम्प आणि कॅबिनेट (स्पीकरचा खोका) ही आभासीच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली, वापरली. डिस्टॉर्शन मला हवे वाटले त्याच्या निम्म्यावर आणल्यावर बरे वाटले. डाव्या-उजव्या बाजूची जोडी करताना आधी एकाच ट्रॅकची नक्कल केली, तर आवाज नुसता मोठा होऊन मध्येच राहिला. एक नक्कल १५ मिलिसेकंद मागे सरकवली, तर फोनच्या एकाच स्पीकरवर तो पोकळ झाला. शेवटी उजवी बाजू कीबोर्डवर पुन्हा वाजवली आणि तारांचे सगळे आकडे पुन्हा भरले.

प्रयोग पार पडला. दुसऱ्या प्रयोगाआधी मित्राचे प्लास्टर निघाले आणि आता मीच वाजवतो म्हणून त्याने माझे तारांचे आणि फ्रेटचे आकडे मागून घेतले. दोन दिवसांनी त्याने पूर्ण तुकडा वाजवून पाठवला, एका जागेशिवाय सगळा माझ्या आकड्यांनुसार. तिथे त्याची करंगळी पोचत नव्हती, म्हणून त्याने तो स्वर शेजारच्या, त्याहून जाड तारेवर घेतला होता. ते जास्त चांगले वाटले, म्हणून मी माझ्या फाइलमध्येही तिथे ३ खोडून ४ केले.