पेट्रोल गाडीचा ओपीएफ काढायचा विचार करताय? थांबा जरा

जर्मनीत फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय नाहीतर गोल्फ आर घेतलेली आपली मराठी पोरं हल्ली हमखास विचारतात, दादा ओपीएफ काढून टाकू का, गाडीचा आवाज पार बसलाय. ओपीएफ म्हणजे पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर, इंग्लंडकडे त्यालाच जीपीएफ म्हणतात. माझं उत्तर ठाम नाही असतं, आणि का ते आज नीट लिहूनच टाकतो.

डिझेल धूर ओकतं आणि पेट्रोल स्वच्छ, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय. पण आताची टर्बो इंजिनं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, तेही २०० ते ३५० बारच्या प्रेशरनं, आणि इंजिन थंड असलं की त्यातलं थोडं पिस्टनच्या डोक्यावर, सिलिंडरच्या भिंतीला ओलं चिकटून राहतं, ते धड जळत नाही आणि त्याची काजळी होते. हे कण बहुतेक १०० नॅनोमीटरच्याही खालचे, म्हणजे धूर म्हणून दिसणार नाहीत पण फुफ्फुसात पार खोलवर जाणार. युरोपात अशा इंजिनांना आधी किलोमीटरमागे ६ लाख कोटी कणांपर्यंत सूट होती, सप्टेंबर २०१८ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ती ६० हजार कोटींवर आली, आणि त्यासाठीच हा फिल्टर बसायला लागला. पटत नसेल तर २०१५-१६ च्या जुन्या जीटीआयच्या टेलपाइपमध्ये बोट फिरवून बघा, काळंकुट्ट निघतं, आणि ओपीएफवाल्या गाडीत जवळजवळ स्वच्छ. तो पाइप बाबागाडीत बसलेल्या बाळाच्या तोंडाच्या थोडाच खाली असतो हो! मला तर हे एवढं एकच कारण पुरेसं आहे.

काढणारे करतात काय, डबा कापून आतली सिरॅमिकची जाळी फोडून काढतात किंवा सरळ दुसरा पाइप लावतात, आणि फिल्टरच्या अलीकडचं-पलीकडचं प्रेशर मोजणारा सेन्सर सॉफ्टवेअरमधून गप्प करतात. काही गाड्यांत त्या जाळीवरच कॅटॅलिस्टचा, म्हणजे विषारी वायू निष्प्रभ करणारा थर असतो, मग कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइडलाही रान मोकळं. वर सांगतात की जर्मनीत गाडीच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीत पेट्रोल गाडीचे कण मोजतच नाहीत. ते खरंय, जुलै २०२३ पासून मोजतात ते युरो ६ (युरोपचा प्रदूषणाचा नियम) डिझेलचे. पण एक्झॉस्ट बदलून प्रदूषण वाढवलं की गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच जाते, मग कोणी पकडो न पकडो. आणि पिकअपमध्ये जो फरक जाणवतो तो बहुतेक रीमॅपचा, म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरमधल्या बदलाचा असतो, तो फिल्टर ठेवूनही होतो, रीतसर नोंद करून करा.

फिल्टर चोक होतो म्हणून काढायचा असेल तर आधी गाडी कशी चालते ते बघा. रोज दोन-तीन किलोमीटर, इंजिन तापायच्या आत बंद, असं असेल तर काजळी साठणारच. ती जळायला साधारण ६०० डिग्री लागतात आणि ऑक्सिजन लागतो, पेट्रोलच्या एक्झॉस्टमध्ये एरवी ऑक्सिजन जवळपास नसतोच, तो मिळतो गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय उचलल्यावर, कारण तेव्हा पेट्रोल बंद होतं आणि नुसती हवा जाते. म्हणून ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या हायवेवर, गाडी चांगली तापू द्या, खालच्या गिअरमध्ये तीन-चार हजार आरपीएमवर न्या, पाय सोडा, परत तेच करा. इको मोडमध्ये काही गाड्या पाय उचलला की आपोआप न्यूट्रलसारख्या घरंगळतात, तो मोड तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर हवा जाणारच नाही.

ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख मात्र जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठतच जाते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं ऑइल घाला, स्वस्तातलं कुठलंही नको. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागलाच तर आधी तो प्रेशर सेन्सर आणि त्याच्या बारीक नळ्या तपासायला सांगा, नळीला चीर गेली तरी दिवा लागू शकतो, आणि नळी बदलणं नव्या फिल्टरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.