कोणत्या बॅरलला कोणता लॉट

पॉइंट टू टू रायफलची मॅच काडतुसं समोर ओतली तर सगळी सारखीच दिसतात. ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, तिच्यावर वंगणाचा पातळ थर आणि खाली कड असलेली पितळी केस. पण एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यात भरलेल्या दोन वेगळ्या खेपांमध्ये, इतका फरक पडू शकतो, की दुसऱ्या लॉटवर गेलेल्या मुलीला वाटायला लागतं, आपलीच प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारायची पोझिशन, बिघडली.

आमच्या एका मुलीचं नेमकं हेच चाललं होतं. मी ५० मीटर रायफलची मुलं शिकवतो आणि त्यांच्या रायफलींची देखभालही बघतो. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ घेतलं, त्यानंतर कोल्हापूरकडून जी मुलं आली त्यातली ही एक. वडील शिरोली एमआयडीसीत टर्नर. पोरगी मन लावून मारणारी, पण प्रोनमध्ये अधूनमधून दहाऐवजी नऊ गुणांची एक गोळी खाली लागायची, मग एक वर. जॅकेट बदललं, स्लिंग बदलली, श्वासाचं तंत्र घोटून घेतलं. मला शंका काडतुसाची होती. तिला मात्र तो विषय काढलेलाही आवडायचा नाही. “सर, मोठे नेमबाज हेच वापरतात.”

सेंटरफायरवाल्यांना, म्हणजे केसच्या बुडाच्या मधोमध पेटणारी काडतुसं मारणाऱ्यांना, एक मोकळीक असते. अमेरिकेत कुरणातल्या प्रेअरी डॉगवर (बिळात राहणारा खारीच्या कुळातला प्राणी) लांबून नेम धरणारे .२२-२५० किंवा .२०४ रुगर ही काडतुसं घेतात, टेबलावर रायफल टेकवून मारणारे बेंचरेस्टवाले ६ पीपीसी घेतात, आणि त्यातले बरेचजण काडतूस घरी स्वतः भरतात. दारू किती, गोळी किती आत बसवायची, सगळं आपल्या रायफलीला जुळवून. आमच्या पॉइंट टू टूसारख्या रिमफायरमध्ये तशी सोय नाही. पेटवणारा मसाला केसच्या पोकळ कडेत गोल फिरवून पसरवलेला असतो, पिन पडली की ती कड चेपते आणि केस संपते. कारखान्याने जे भरलं तेच मारायचं. आपल्या हातात फक्त निवड. म्हणून तर एली आणि लापुआ या काडतुसांच्या कंपन्यांनी खास टेस्ट रेंज ठेवल्या आहेत, एलीने बर्मिंगहॅमला, लापुआने जर्मनीत शोनेबेकला. नेमबाज रायफल घेऊन जातात, वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जमेल तो उचलतात. आपल्याकडच्या किती मुलांना ते परवडणार? म्हणून आम्ही आमच्याच रेंजवर ती चाचणी करायचं ठरवलं.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत रेंजवर पोचलो. गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, आवाजापेक्षा कमी. वारा तिला सहज ढकलतो. उन्हं चढायच्या आत जेवढं उरकेल तेवढं चांगलं. रायफलीच्या स्टॉकमधून, म्हणजे दस्त्यातून, बॅरल-ॲक्शन (नळी आणि तिच्यामागची यंत्रणा) काढून लोखंडी व्हाइसमध्ये आवळलं. क्लबच्या साठ्यात चार लॉट होते. त्यांची खोकी वडिलांनी बाजूला नेऊन कोऱ्या डब्यांत ओतली आणि डब्यांवर अ, ब, क, ड लिहिलं. कुठल्या डब्यात काय, हे एकट्या त्यांना ठाऊक. लॉट बदलला की बॅरल पुसायचं आणि नव्या लॉटच्या काही गोळ्या मोजमापाशिवाय सोडायच्या. प्रत्येकाचं वंगण निराळं असतं, आधीच्याचा थर उतरून नव्याचा बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. ही पायरी वाचवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या निकालावर मी विश्वास ठेवत नाही.

मग दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके; जितका लहान तितका चांगला. वडिलांनी घरून आपला व्हर्नियर आणला होता आणि कागदावरची भोकं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ते मोजत होते. दिवसातला सर्वांत लहान ग्रुप अ चा निघाला, १३ मिलिमीटर. पोरगी लांबून बघत होती, तिचा चेहरा उजळला. पुढचा अ चाच ग्रुप २२ आला. मग १६, मग परत २२. ब आणि ड मध्येच कुठेतरी. क चा एकही ग्रुप १३ च्या जवळ गेला नाही, पण एकही १७ च्या पुढेही गेला नाही.

वडिलांनी व्हर्नियर मिटला आणि म्हणाले, “एक पीस चांगला निघाला म्हनून लेथ चांगली म्हनत न्हाई सर आमी. दिवसभर काय निघतंय ते बघतो.”

मला जे समजावून सांगायचं होतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. बाकीचा हिशेब मी मुलीला कागदावर मांडून दाखवला. दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची आणि गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. बाहेरून मोजलं तर २१.६ मिलिमीटरचा ग्रुप जेमतेम दहात मावतो. व्हाइसमध्ये आवळलेली रायफलच २२ दाखवत असेल, तर माणसाच्या हाताला, नाडीच्या ठोक्याला जागा उरली कुठे? फायनलमध्ये तर एक दशांश गुण म्हणजे फक्त ०.८ मिलिमीटर.

अ चे मोठे ग्रुप उभे पसरले होते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर वर-खाली जाते. त्यात प्रत्येक बॅरल गोळी सुटताना आपल्या पद्धतीने थरथरतं. एखाद्या बॅरलमधून हळू गोळी तोंड वर उचललेलं असताना बाहेर पडते आणि फरक आपोआप झाकला जातो, दुसऱ्यात तोच फरक वाढतो. म्हणून एका रायफलीवर गाजलेला लॉट शेजारच्या रायफलीवर फसतो, आणि त्यात लॉटचा दोष नसतो. तिच्या त्या वर-खाली नवांचं उत्तर मला या उभ्या पसाऱ्यात दिसत होतं.

पण माणूस व्हाइससारखा नसतो. बॅरल परत स्टॉकमध्ये बसवलं, स्क्रू टॉर्क रेंचने मापाने आवळले आणि तिला प्रोनला झोपवलं. एका डब्यातल्या वीस गोळ्या, थोडी विश्रांती, दुसऱ्या डब्यातल्या वीस. डबे अ आणि क, पण कुठला आधी हे तिला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी ती उठली तेव्हा म्हणाली, “सर, आत्ता मी कॉल करते तिथंच गोळी जातीय.” (कॉल म्हणजे गोळी सुटताच ती कुठे लागली असेल याचा अंदाज.) तो क होता. त्यात एकही नऊ नव्हता. अ वर दोन होते, एक वर, एक खाली.

वडिलांनी चिठ्ठी उघडली. अ म्हणजे तिचा लाडका, सगळ्यांत महाग लॉट. क त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीचा. ती थोडा वेळ गुणांच्या स्क्रीनकडे बघत राहिली आणि मग सरळ मुद्द्यावर आली, “हा किती शिल्लक आहे?”

प्रश्न अगदी रास्त होता. काडतुसं परदेशातून येतात, परवाने, कस्टम्स सगळं पार पाडून, आणि तोच लॉट पुन्हा मिळेल याची खात्री नसते. वडिलांनी तिथेच बसून वर्षभराच्या स्पर्धांचा आणि त्याआधीच्या सरावाचा हिशेब केला. क चा उरलेला सगळा साठा आम्ही तिच्या नावावर राखून ठेवला. वहीत रायफलीचा नंबर, लॉट नंबर, तारीख, सगळे ग्रुप लिहिले, चांगले आणि वाईटही. बॅरल झिजत जाईल तशी ही चाचणी परत करावी लागणार, तेव्हा तुलनेला ते आकडे लागतील.

अ ची खोकी कपाटात परत ठेवली. पुढच्या चाचणीत ती आमच्या दुसऱ्या एका मुलाच्या रायफलीवर लावली. त्याच्या बॅरलमधून सगळे ग्रुप १६ च्या आत आले, आणि आता तो तीच मारतो.