तुम्ही विचारलंत म्हणून: माशी कुठे शिंकली?

“काका, बॉण्डचं सगळ्यात भिकार टायटल साँग कुठलं?”

वर्षातून पाच-सहा वेळा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. लग्नात येतो, बारशात येतो. एकदा तर दहाव्याला घाटावर आला, सगळे कावळ्याची वाट बघत ताटकळलेले असताना. मलाच विचारण्याचं कारण साधं आहे. बावीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवला. ठाण्याच्या गडकरी रंगायतनपासून गावोगावच्या गणपतीच्या मांडवापर्यंत आमचा पडदा बॉण्डच्या ट्यूनवरच वर जायचा. आधी गिटारवाला एकटाच ती चोरपावलांची सुरावट काढणार, मग आम्ही तिघं ब्रासवाले अंगावर जाणार, आणि त्या धडाक्यात निवेदक धावत येऊन माइक पकडणार. तेव्हापासून नात्यागोत्यात मी ‘बॉण्डवाले काका’.

खरं तर विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, माझी फक्त सही हवी असते. आणि बहुतेकांचं उत्तर एकच: मॅडोना, ‘डाय अनदर डे’, २००२. या गाण्याला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं होतं आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट गाण्याच्या ‘रॅझी’ या टवाळीच्या पुरस्काराचंही. लोक दुसरं तेवढं लक्षात ठेवतात.

मी सही करत नाही. म्हणतो, ते गाणं फोनवर ऐकू नका, जिथे बसवलंय तिथे ऐका. बॉण्ड उत्तर कोरियाच्या कैदेत सापडलाय. त्याचं डोकं बर्फाच्या पाण्यात दाबतायत, अंगाला विंचू डसवतायत, आणि त्यावरूनच कलाकारांची नावं सरकतायत. तोवर बॉण्डपटात नामावली म्हणजे कथेला मधली सुट्टी: बायकांच्या सावल्या, पिस्तुलं, धूर. इथे नामावलीतही कथा चालूच राहिली. अशा जागी गोड, गोलाईचं गाणं घातलं असतं तर विटंबना झाली असती. मॅडोनाचा आवाज यंत्राने चिरलाय, शब्द मध्येच अडकतायत, तार तुटल्यासारखं सगळं थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. छळाला छळासारखंच संगीत. मध्येच ती सिग्मंड फ्रॉइडला कशाला हाक मारते ते तिलाच ठाऊक, त्याची वकिली मी करणार नाही.

माझ्या आजोबांना संगीत नाटकांचं वेड होतं. ते म्हणायचे, नांदी कशी झाली ते नांदी संपल्यावर कळतं. पडदा सरकतो तेव्हा माणसं कुठल्या तंद्रीत बसलीत ते बघायचं. बॉण्डची नांदी तर आणखी अवघड, कारण ती नाटक सुरू झाल्यावर येते. आधी एक प्रवेश होऊन जातो, मारामारी होते, कोणीतरी कुठून तरी उडी मारतं, आणि मग गाणं. म्हणजे चढलेला पारा गाण्याने हातात घ्यायचा आणि न सांडता पुढच्या प्रवेशाच्या हवाली करायचा. वर निर्मात्यांनी दिलेलं शीर्षक जमल्यास त्यात कोंबायचं. ‘थंडरबॉल’ या शब्दाचा अर्थ काय, हे टॉम जोन्सला तरी कळलं होतं का, कोण जाणे. पण १९६५ साली त्याने त्यातला शेवटचा सूर इतका लांबवला, की डोळे उघडले तेव्हा खोली गरगरत होती, असं त्यानेच पुढे सांगितलंय. मी फुंकून पोट भरलेला माणूस आहे. दम संपत आला की कानामागे जी शिट्टी वाजते ती मला माहीत आहे, त्यामुळे त्या गाण्याला वाईट म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, जागा बदलून बसतो.

‘गोल्डफिंगर’बद्दल कोणी विचारतच नाही, आणि बरोबरच आहे. संगीतकार जॉन बॅरीचे ते म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावलेले, वाँव-वाँव करत चिडवणारे ट्रम्पेट वाजवायला बसलात की ओठ सोलवटतात. आम्ही एकदा तालमीत प्रयत्न केला. एकदाच.

तर मग वाईट गाण्यांत माशी शिंकते कुठे? हा शब्दप्रयोग मी उगाच वापरत नाही. बॉण्डच्या मूळ ट्यूनचा जन्मच एका शिंकेतून झालाय. व्ही. एस. नायपॉल यांची त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबावरची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ साली आली. तिच्यावर एक संगीतिका होणार होती, ती झालीच नाही. तिच्यासाठी मॉन्टी नॉर्मनने एक गाणं बांधलं होतं, चांगलं सतारीच्या थाटाचं. गाणारा बिस्वास त्यात सांगतो, की माझी शिंक अपशकुनी आहे आणि मी जन्मलोही उलटा. आपण ज्याला पायाळू म्हणतो तो. पुढच्याच वर्षी ‘डॉक्टर नो’ या पहिल्या बॉण्डपटाचं काम आलं तेव्हा नॉर्मनने ती पडून असलेली चाल बाहेर काढली, बॅरीने तिला नवं अंग दिलं, विक फ्लिकने ती गिटारवर छेडली. चाल नक्की कोणाची यावरून पुढे एका इंग्रजी वृत्तपत्राविरुद्ध बदनामीचा खटला झाला आणि २००१ मध्ये नॉर्मन तो जिंकला. हे मला कळलं तेव्हा मी ऑर्केस्ट्रा सोडलेला होता. नाहीतर आमच्या निवेदकाने प्रत्येक प्रयोगाला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली असती.

माझ्या वयाचे लोक मॅडोनाऐवजी लुलू या गायिकेचं नाव घेतात. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’, १९७४. बॅरीला सगळ्या पार्श्वसंगीतालाच जेमतेम तीन आठवडे मिळाले होते, आणि हे गाणं आपल्याला मुळीच आवडत नाही हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत ते शिरलंसुद्धा नाही. शब्द सरळसरळ चावट आहेत. चावटपणाला माझी हरकत नाही, आम्ही दादा कोंडक्यांची गाणी वाजवत मोठे झालो. पण दादा भोळा चेहरा ठेवून बोलायचे, अर्थ काढायचं पाप आपल्या माथी. इथे गाणारीच डोळा मारून, कोपराने ढोसून सांगते, की कळलं का मी काय म्हणाले ते. तरीही गाणं पळतं. गिटार बोचते, ब्रास ओरडतो, आणि संपल्यावर तुम्ही खुर्चीत पुढे सरकलेले असता. काम झालं.

‘ऑक्टोपसी’चं रिटा कूलिजचं गाणं साखरेच्या पाकात पडलंय आणि चित्रपट उदयपूरला, हे दोन्ही एकमेकांना भेटतच नाहीत. तिथे विजय अमृतराज गारुडी होऊन पुंगीवर बॉण्डची ट्यून वाजवतो, ती मला त्या गाण्यापेक्षा जास्त आवडते. जॅक व्हाइट आणि अलिशिया कीज यांचं ‘क्वांटम ऑफ सोलेस’मधलं २००८ चं द्वंद्वगीत ऐकताना वाटतं की दोघं दोन वेगळ्या स्टुडिओंत वेगवेगळ्या गाण्यासाठी आलेत. वाईट आहे, पण पहिल्या नंबराचं नाही.

पहिला नंबर ‘स्पेक्टर’चा. सॅम स्मिथ, २०१५, ‘रायटिंग्ज ऑन द वॉल’. हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, अहो त्याला ऑस्कर आहे. आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं बॉण्डगीत, हेही मान्य. पण ते कुठे बसवलंय बघा. मेक्सिको सिटीत मृतांचा उत्सव चाललाय, कवट्यांचे मुखवटे, रस्ताभर ताशासारखे तडतडणारे ढोल, कॅमेरा थांबायलाच तयार नाही. इमारत कोसळते, हेलिकॉप्टर गर्दीच्या डोक्यावर कोलांट्या खातं. मी थिएटरात खुर्चीचे हात धरून बसलो होतो. आणि मग व्हायोलिन, पियानो आणि एक नाजूक, पातळ, वरच्या पट्टीतला आवाज विचारतो, की मी पडलो तर झेलशील ना? तापलेल्या तव्यावर कोणी दूध ओतावं तसं झालं. आवाज वाईट नाही, चालही रडकी असली तरी बेसूर नाही. पण ढोलांनी जे उभं केलं ते त्याने हातात घेतलंच नाही. स्मिथ यांनीच सांगितलंय की गाणं वीसेक मिनिटांत लिहून झालं आणि चाचणीसाठी म्हटलेला आवाजच पुढे ठेवला. हे कौतुकाने सांगितलं होतं. मला त्यात माशी शिंकलेली ऐकू येते. रेडिओहेड या बँडनेही या चित्रपटासाठी गाणं केलं होतं. ते नाकारलं गेलं आणि त्यांनी त्या नाताळात लोकांना फुकट देऊन टाकलं. तेही संथच आहे. पण त्याच्या पोटात भीती आहे, आणि भीती त्या ढोलांच्या मागे चालली असती.

मागच्या दिवाळीला हे सगळं फराळाच्या ताटांवर साग्रसंगीत सांगून झाल्यावर माझ्या साडूची धाकटी म्हणाली, “काका, आमच्या साखरपुड्यात अंगठ्या घालताना हेच लावलं होतं. तुम्ही पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होतात.”

पुसत होतो. पण तिथे हेलिकॉप्टर नव्हतं.