पांढरी तीनवरून काळी दोनवर

आमच्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात ऑर्केस्ट्रा म्हटलं, की स्टेजवर सिनेमाची गाणी म्हणणारा ग्रुप डोळ्यांपुढे येतो. आम्ही चौघं २२ वर्षं तेच करत आलो. गणपती, शारदा उत्सव, मंडईची जत्रा. पण कार्यक्रम आटोपून सामान टेम्पोत भरलं की आमच्यात जे वाजायचं ते हार्ड रॉक. धानाची शेती आणि इलेक्ट्रिक गिटार, दोन्ही माझ्या हाताला सारखेच घट्टे पाडून गेले.

डीप पर्पल या ब्रिटिश बँडचा १९६९ चा तो कार्यक्रम मी मोबाइलवर पहिल्यांदा पाहिला, तेव्हा रोवणीचे दिवस होते. २४ सप्टेंबर, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, समोर रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि मध्ये संचालन करणारे माल्कम अर्नोल्ड हात हलवत उभे. बँडचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांनी तीन भागांची अख्खी रचना स्वतः लिहिली होती. पहिल्या भागात बँड आणि वाद्यवृंद एकमेकांवर धावून जातात, आणि पुढे हळूहळू एकमेकांना जागा देत जातात. ती जागा देण्याची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. पुढे १९९९ मध्ये मेटॅलिकानं सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबत वाजवलं, २००० मध्ये स्कॉर्पियन्सनं बर्लिन फिलहार्मोनिकसोबत अल्बम काढला. तेही ऐकलं. पण मन परत परत १९६९ कडेच जायचं.

आमच्याकडे सिम्फनी कुठून येणार? पण शेजारच्या गावात लग्नात वाजवणारी बँडपार्टी होती. चार ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक अल्टो सॅक्सोफोन, दोन युफोनियम, साइड ड्रम आणि ढोल. अकरा माणसं. पावसाळ्यात लग्नं नसतात, म्हणजे त्यांच्या रात्री मोकळ्या. मी त्यांच्या बँडमास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पैसे कोन देनार?" मी खरं सांगितलं, की कोणीच नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सोमवारी या गा."

पहिल्याच सोमवारी गाडी अडली, ती पट्टीवर, म्हणजे पेटीच्या कुठल्या पांढऱ्या-काळ्या पट्टीला सा मानायचा यावर. आम्ही गिटारवाले पांढरी तीन सा धरून वाजवतो, कारण मोकळी जाड तार तीच आहे. त्यांच्या ट्रम्पेटचा आणि क्लॅरिनेटचा मूळ सा काळी पाच. आमच्या पट्टीत वाजवायचं तर ट्रम्पेटवाल्याला इतके तीव्र स्वर लागतात, की बोटांची नुसती कसरत होते. दोन रात्री त्यातच गेल्या. तिसऱ्या रात्री आमच्या बेसवाल्यानं आपल्या चारही तारा अर्धा स्वर उतरवल्या आणि म्हणाला, आता वाजवून पाहा. मीही सहाच्या सहा उतरवल्या. सा आला काळी दोनवर. तो सॅक्सोफोनचा स्वतःचाच सा, आणि ट्रम्पेट-क्लॅरिनेटला फक्त एक कोमल स्वर सांभाळायचा. आमच्या बोटांना काहीच बदलायचं नव्हतं. ज्यांना असं काही जुळवायचं असेल त्यांनी आधी हे करावं, आमच्या गेल्या तशा त्यांच्या दोन रात्री जाणार नाहीत.

चाल आम्ही दंडारीतली, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातली घेतली. ती त्यांनाही अंगवळणी होती आणि तिच्या ठेक्यात गिटारचा भारदस्त रिफ, म्हणजे परत परत येणारा तुकडा, बसत होता. बारा मिनिटं, तीन भाग. मी दोनशे पानी रजिस्टर घेतलं आणि प्रत्येकाचं वेगळं पान केलं. सारेगममध्येच लिहिलं, खाली मात्रा. लिहिणं जमलं. थांबणं मात्र कोणालाच जमेना. वरातीत वाजवणारा माणूस कधी थांबत नाही, थांबला तर वरात थांबते. इथे क्लॅरिनेटवाल्या मोठ्या काकांना ३२ मात्रा गप्प बसायचं होतं. ते बोटांच्या पेरांवर मोजायचे आणि दर वेळी २८ च्या आसपास ओठ वाद्याला लागायचेच. आम्हीही त्यातलेच. ते वाजवत असताना माझा हात तारेवर स्वस्थ राहायचा नाही.

आवाजावरून एकदा वाजलंही. आमच्या ड्रमसेटपुढे क्लॅरिनेट ऐकूच येत नव्हतं. काका उठून बाहेर गेले. मास्तर मला म्हणाले, "तुमचा आवाज बटनातून येते, आमचा छातीतून निंगते. हळू वाजवा ना गा." त्या रात्री आम्ही अँपचं, म्हणजे गिटारच्या स्पीकरचं, तोंड भिंतीकडे केलं, ड्रमवर गोधडी टाकली आणि क्लॅरिनेटला पहिल्या रांगेत बसवलं. मी बावीस वर्षांत प्रथमच गिटार इतकी हळू वाजवली, की मला शेजारच्याचा श्वास ऐकू आला.

ऑगस्टमध्ये आमच्या तालमीच्या समाजमंदिराचं छत गळलं आणि रजिस्टरचा मधला भाग भिजला. दुसरा भाग पूर्ण गेला, शाईचे नुसते निळे ओघळ. मी रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही. मग आठवलं, की जॉन लॉर्ड यांची मूळ स्वरलिपीही १९७० नंतर हरवली होती. एका डच संगीतकारानं ध्वनिमुद्रण ऐकत आणि चित्रफीत पाहत ती एकेक वाद्य वेगळं काढून पुन्हा लिहिली, आणि १९९९ च्या सप्टेंबरमध्ये त्याच हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत ती पुन्हा वाजली. त्यानं सबंध वाद्यवृंद लिहिला, मला तर अकरा माणसांचाच एक भाग लिहायचा होता. मोबाइलमधली तालमीची रेकॉर्डिंग कानाला लावून अकरा रात्री बसलो. दोन युफोनियममध्ये दुसरा काय वाजवतो हे मला त्याआधी कधी नीट ऐकूच आलं नव्हतं.

जानेवारीत शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या रात्री नाटक सुरू व्हायच्या आधीची १५ मिनिटं मिळाली. मागे ड्रमसेटच्या तिन्ही बाजूंनी धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती रचली, आवाज चांगला दबला. पण थंडी होती. थंडीत फुंकीची वाद्यं उतरतात आणि गिटारच्या तारा आवळून चढतात, म्हणजे दोघं उलट्या दिशेला पळतात. काकांनी क्लॅरिनेट घोंगडीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं आणि मधून मधून त्यात नुसती गरम फुंकर सोडत होते. मी मोबाइलचा ट्यूनर बंद केला आणि त्यांच्या सा ला गिटार लावली. तीन वेळा लावावी लागली.

स्टेज ४० फुटांचं. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून कानावर विसंबलं की लय घसरते. सगळ्यांनी मास्तरांच्या हाताकडेच पाहायचं ठरलं होतं. मास्तर आयुष्यभर ट्रम्पेट वाजवत आपल्या माणसांच्या पुढे चालले, पाठ त्यांच्याकडे करून. त्या रात्री ते तोंड करून उभे राहिले आणि पहिला हात वर करायला त्यांना थोडा उशीर लागला.

दुसऱ्या भागात काका ३२ मात्रा थांबले. पूर्ण ३२. मग क्लॅरिनेट एकटंच सुरू झालं. खाली शेकोट्यांपाशी बसलेली माणसं बोलायची थांबली, आणि मी हात तारेवरून उचलून मांडीवर ठेवला होता.

नाटकाची पहिली घंटा झाली तेव्हा आम्ही वायरी गुंडाळत होतो. मास्तर जवळ आले आणि हात पुढे केला. मला वाटलं, हात मिळवायला. ते म्हणाले, "ते रजिस्टर दे मले. उद्या तालुक्याले जातो, दोन झेरॉक्स काढून ठेवतो."